भात भरलेली खोली

तक्रारीच्या तिसऱ्या ओळीत भात होता. मी रोज वाचते तशीच वाचत होते, म्हणजे डोळे एका ओळीवर आणि हात पुढच्या कागदावर. ‘सदर खोली विचुंबे गावात तळमजल्यावर असून मी पाहण्यास गेले असता घरमालकीणबाईंनी प्रथम होकार दिला, नंतर माझे नाव विचारले व खोलीत भात भरलेला आहे असे सांगून नकार दिला.’ हात थांबला. चहाचा कप मी फायलीवरच टेकवला, एरवी तसं कुणी केलं तर मीच ओरडते. खाली मालकिणीचं नाव होतं, सोनाबाई काशिराम भोईर, आणि त्याखाली मोबाइल नंबर. नाव वाचलं नसतं तरी चाललं असतं, कारण तो नंबर मला तोंडपाठ आहे. बाबांनी घेतलेला पहिला मोबाइल. अकरावीच्या अर्जावर, बारावीच्या अर्जावर, बँकेच्या पासबुकावर मी तोच लिहीत आले. नऊ वर्षांत तो एकदाही लावला नाही आणि त्यातला एक आकडाही विसरले नाही. बाबा गेले त्याला दोन वर्षं झाली, तेही मला तेराव्यानंतर तिसऱ्याच माणसाकडून कळलं. म्हणजे त्यांच्यामागे फोन आईकडे आला असणार. सोनाबाई माझी आई. हे मी स्वतःशी एकदा नीट म्हणून बघितलं. काही झालं नाही. चहाचा गोल डाग फायलीवर उमटला होता, तो मी ओढणीने पुसला.

समान संधी प्राधिकरणाचं पनवेल कार्यालय नवीन पनवेलमध्ये एका बंद पडलेल्या क्लासच्या वरच्या मजल्यावर आहे. भिंतीवर अजून त्या क्लासच्या गुणवंतांचे फोटो लटकताहेत. काढायला कुणाची मंजुरी लागते ते कळलेलं नाही. जातीवरून, धर्मावरून, अपंगत्वावरून कुणाला घर नाकारलं, नोकरी नाकारली, की ते लोक जिना चढून आमच्याकडे येतात. आम्ही त्यांना खुर्ची देतो, पाणी देतो आणि चार पानांचा अर्ज देतो. माझं काम त्यानंतर सुरू होतं. त्याला फोन-पडताळणी म्हणतात. ज्या जागेबद्दल तक्रार आहे तिथे एकदा एका नावाने फोन करायचा आणि दोन तासांच्या आत दुसऱ्या नावाने. दोन्ही वेळा पगार तोच, घरची माणसं तितकीच, प्रश्न तेच, ते छापील कागदावरून वाचायचे. फक्त नाव वेगळं. उत्तरं वेगळी आली की तक्रार उभी राहते. हे दोन फोन दोन बायकांनी करायचे असतात. पूर्वी एक नाव माझी सहकारी अरीबा घ्यायची आणि दुसरं मी. अरीबाला फोनसाठी वेगळं नाव लागायचंच नाही, ती स्वतःच्याच नावाने फोन करायची आणि स्वतःच्याच नावाने नकार ऐकायची. चौदा महिने तिने ते केलं. मग एक दिवस कार्यालयाच्या मॅडमना म्हणाली की हे तर मला बाहेर फुकटही ऐकायला मिळतं, आणि डबा उचलून गेली. तिच्या जागी माणूस मंजूर झालेलं नाही. तेव्हापासून दोन्ही फोन मीच करते. सिम दोन आहेत, आवाज एकच आहे, पण आजवर कुणाला शंका आलेली नाही. लोक नाव ऐकतात, आवाज ऐकायला थांबत नाहीत. सुरुवातीला फोन ठेवल्यावर माझे हात गार पडायचे. आता फक्त डावा कान बधिर होतो, दुपारी जेवताना त्या बाजूने नीट ऐकू येत नाही, एवढंच.

अकराला अस्मा आली. तक्रारदार तीच. नवीन पनवेलच्या एका लॅबमध्ये रक्त तपासायचं काम करते, वय असेल सव्वीस-सत्तावीस, मूळ उरणची. तिची तक्रार एकोणतीस दिवस माझ्या टेबलावर होती, म्हणजे अरीबाच्या ढिगात होती आणि ढीग माझ्या टेबलावर होता. तीस दिवसांत पडताळणी झाली नाही की फायलीवर ‘पुराव्याअभावी बंद’ असा शिक्का बसतो. हे तिला कुणीतरी सांगितलं असावं, ती अर्धा दिवस रजा टाकून आली होती. तिच्या वडलांना, मुबारक त्यांचं नाव, आठवड्यातून तीनदा डायलिसिसला आणावं लागतं. उरणहून येताना ठीक असतात, जाताना रिक्षात मान टाकतात. ते सेंटर विचुंब्यापासून दहा मिनिटांवर. तळमजल्याची खोली, वेगळं दार, पायरी एकच. तिने सगळं मापून ठेवलं होतं. मी तिला नेहमीचे प्रश्न विचारले आणि तिने नेहमीच्यापेक्षा नीट उत्तरं दिली. खोलीत खरंच काही भरलेलं होतं का, असं मी विचारलं. तो प्रश्न कागदावर असतो. ती म्हणाली की मी खिडकीतून बघितलं ना. एक लोखंडी खाट होती, गादी गुंडाळलेली, आणि भिंतीवर कुणीतरी हाताने लिहिलेलं कॉलेजचं टाइमटेबल होतं. भिंतीला चुना मारलेला होता, पण तो कागद न काढता, त्याच्या भोवतीने. मी ते लिहून घेतलं. ‘भोवतीने’ हा शब्द मी दोनदा लिहिला आणि एक खोडला.

“मॅडम, अब्बू काय म्हणतात सांगू?” अस्मा म्हणाली. “म्हणतात, असेल भात. शेतकरी लोक आहेत, ठेवतात घरात. त्या बिचाऱ्या बाई खोटं कशाला बोलतील. मी सांगते खाट होती, तर म्हणतात तुझी नजर चुकली असेल. खोली मिळाली तर अल्लाची मेहरबानी. पण नाही मिळाली ना, तरी मला कुणीतरी लिहून द्या की तिथे भात नव्हता. मला ते अब्बूंना दाखवायचंय.” ती ओरडली नाही की रडली नाही. तिने पाण्याचा ग्लास उपडा करून ट्रेवर ठेवला, लॅबमधल्या सवयीने असेल, आणि संध्याकाळी पाचपर्यंत कळेल का असं विचारून गेली. जिन्यात तिच्या चपला बराच वेळ वाजत होत्या. मला तिचे वडील आवडले. न भेटताच आवडले. असेल भात, असं म्हणून जगता येतं हे मला माहीत होतं. मी नऊ वर्षं तेच म्हणत होते.

तेव्हा मला सातवा महिना होता. विश्वजीतशी लग्न करून मी घरातून निघाले त्याला दीड वर्ष झालं होतं. तो बौद्ध, आम्ही आगरी, यापलीकडे त्याच्याविरुद्ध कुणाला काही सांगता आलं नव्हतं, आणि यापुढे काही सांगायची गरजही कुणाला वाटली नव्हती. बाबांनी एकही शिवी दिली नाही. ते फक्त म्हणाले की आता तू तिकडची. आम्ही रोडपालीला पिठाच्या गिरणीच्या वर भाड्याने राहायचो, अजूनही तिथेच राहतो. सकाळी सातला गिरणी सुरू झाली की तळपायांना कळतं. त्या दिवसांत मला रात्रंदिवस माहेरची मागची खोली आठवायची. शेवग्याचं झाड, एकच खिडकी, उन्हाळ्यात गार असलेली फरशी. पहिलं बाळंतपण माहेरी होतं, हे इतकं जुनं आणि साधं आहे की रागाच्याही खाली ते टिकून असेल असं मला वाटलं. विश्वजीत नको म्हणत होता. तो कंपनीत गेल्यावर मी फोन लावला. बाबांचा नंबर, पण उचलला आईने. मी म्हटलं, आई, मी येऊ का गो, दोन महिने. मागे कोंबड्या ओरडत होत्या आणि परेश, माझा भाऊ, कुणाला तरी सिमेंटच्या गोण्या मोजायला सांगत होता. मग आई म्हणाली, “खोलीत भात भरलाय गो. तुना कंला निजवू?” तुला कुठे निजवू.

आणि मी ते मानलं. म्हणजे लबाडी आहे हे कळूनही मनाला समजावलं असं नाही, मी खरंच मानलं. त्या वर्षी परेशने पुढच्या बाजूला बिल्डिंग बांधायला पडवी पाडली होती, हे मला ठाऊक होतं. कणगी पडवीत असायची. पडवीच नाही म्हटल्यावर नेऱ्याकडच्या शेतातला भात ठेवणार कुठे, तर मागच्या खोलीत. सगळं नीट जुळत होतं. गिरणीच्या वरच्या त्या खोलीत मी उताणी झोपायचे आणि डोळे मिटून माहेरची खोली भाताने भरायचे. आधी कोपरे, मग खिडकीखालची जागा, मग खाटेच्या खाली, मग खाटेवर. गोण्यांचा वास यायचा. त्यात एक समाधान होतं, जागा नव्हती म्हणून नाही बोलावलं, जागा असती तर बोलावलं असतं. लेक झाली ती खाजगी नर्सिंग होममध्ये, विश्वजीतच्या आईने डिंकाचे लाडू केले, शेजारणीने अंघोळ घातली. सगळं व्यवस्थित झालं. पुढे ही नोकरी लागली. रोज माणसं येऊन सांगायची की जागा गेली, पाहुणे आलेत, भावाला द्यायचीय, रंगकाम काढलंय, आणि मी रोज दुसरा फोन करून ती जागा रिकामी असल्याचं सिद्ध करायचे. शेकड्याने केले असे फोन. एका जागी मात्र दुसरा फोन करायचं मला कधी सुचलं नाही. सुचलं नाही हे खरं नाही. मी तो केला नाही.

पडताळणीच्या पत्रकात सहावा रकाना असतो, ‘उत्तर देणाऱ्या व्यक्तीशी नाते अथवा ओळख’. त्यापुढे ‘नाही’ असं छापूनच येतं, कारण कुणाची कधी असतच नाही. असेल तर फोन करायचा नसतो. मॅडमना लेखी कळवायचं, मॅडम फाइल अलिबागला पाठवतात, तिथली बाई सवडीने फोन करते. सवडीने म्हणजे तीन आठवडे. आमच्याकडे एक दिवस होता. शिवाय मॅडमना काही कळवायचं तर मला म्हणावं लागलं असतं की मॅडम, ही माझी आई. कार्यालयात माझं नाव मनिषा विश्वजीत तांबे. माझ्या माहेराबद्दल इथे कुणी विचारलेलं नाही आणि मी सांगितलेलं नाही. आणखी एक रस्ता होता, ‘तीन वेळा प्रयत्न केला, फोन लागला नाही’ असं लिहायचा. ते मी कधी केलेलं नाही, पण कसं करतात ते मला माहीत आहे. आईला नोटीस गेली नसती. अस्माचे वडील म्हणत राहिले असते की असेल भात. मीही म्हणत राहिले असते. बाराला दहा कमी असताना मी पहिलं सिम घातलं, छापील कागद समोर ठेवला आणि नंबर न बघता लावला.

चौथ्या घंटीला तिने उचलला. हॅलो म्हणाली नाही, नुसतं “कोन?” म्हणाली, पहिल्यापासून तसंच म्हणते. मी वाचलं, नमस्कार, माझं नाव अरीबा शेख, मी नोकरी करते, घरी तीन माणसं, आपली खोली भाड्याने आहे असं कळलं. कार्यालयात मी ‘नाही’ म्हणते, ‘नाय’ म्हणत नाही. ‘मला’ म्हणते, ‘मना’ म्हणत नाही. नऊ वर्षांत ते इतकं धुऊन निघालंय की स्वप्नातही जुनं येत नाही. आवाज ओळखता येईल असं त्यात काही राहिलेलं नसावं. तरी मी थांबले. ती ओळखेल म्हणून थांबले की ओळखणार नाही म्हणून, ते मला सांगता येणार नाही. आई म्हणाली, “नाय गो बाय, खोलीत भात भरलाय.” तोच सूर. ‘भरलाय’वर थोडा जोर, शेवटी आवाज खाली. मग जरा थांबून, “दुसरीकरं बघ हां,” असं मऊपणे म्हणाली आणि फोन ठेवला. एक मिनिट चार सेकंद. मी पत्रकात लिहिलं, ‘नकार. कारण, उत्तर देणाऱ्याच्या शब्दांत: खोलीत भात भरलाय.’ त्या रकान्यात बोललेले शब्द जसेच्या तसे लिहायचे असतात.

नेऱ्याकडचं शेत चार वर्षांपूर्वी विकलं गेलं. मुंबईच्या कुणी तिथे फार्महाउस बांधलंय, निळं कुंपण घातलंय, हे मी एकदा लेकीला घेऊन त्या बाजूला गेले तेव्हा पाहिलं होतं. लेकीने विचारलं होतं की इथे काय होतं, आणि मी म्हटलं होतं भात. म्हणजे आता त्या घरात भात यायला वाट नाही. रेशनचे तांदूळ येत असतील पिशवीतून. शेत गेलं, कणगी गेली, पडवी गेली, बाबा गेले, आणि हे एक वाक्य राहिलं. आईने ते बदललंही नाही. तिला दुसरं सुचलं नाही की दुसऱ्याची गरज पडली नाही. नियमाप्रमाणे मधे अर्धा तास जाऊ द्यावा लागतो. मी डबा उघडला. विश्वजीतने सकाळी दिलेली भाजी होती, गवार. मी खाल्ली. समोर गुणवंतांच्या फोटोंत एक मुलगी हसत होती, तिला अठ्ठ्याण्णव टक्के होते. राग येईल असं मला वाटत होतं. निदान रडू तरी येईल. मी वाट बघितली, डबा धुतला, हात पुसले. मग दुसरं सिम घातलं.

नमस्कार, माझं नाव अंकिता सावंत, मी नोकरी करते, घरी तीन माणसं. माझा आवाज जराही हलला नाही, याचं मला आता वाईट वाटतं. आईने विचारलं, कोनाचे तुमी. मी कागदावरचं उत्तर दिलं. “मंग चालंल,” ती म्हणाली. मग ती भरभर सांगू लागली, तिला बोलायला माणूस हवं असल्यासारखी. खोली मागच्या अंगाला हाय, येगला दरवाजा, पानी दोन टायम, खाट हाय, पंखा नवा लावलाय. पुढे बिल्डिंग पोर्‍याची, पन ही खोली माझे नावावर. आतापर्यंत कंदी भाड्यानं दिली नाय, आता पोर्‍या बोलतो दे. मी सगळं लिहून घेत होते. घरी कोण कोण असं तिने विचारलं. मी सांगितलं की मिस्टर आणि नऊ वर्षांची मुलगी. ते कागदावरही तसंच होतं, तीन माणसं. इथे फोन संपायला हवा होता. खोली उपलब्ध, पाहायला कधी येऊ, धन्यवाद. त्यानंतरचा प्रश्न कागदावर नव्हता. मुलीला धुळीचा त्रास आहे, तिथे भातबित भरलेला नाही ना, असं मी विचारलं.

“भात?” आई म्हणाली, आणि हसली. तिचं हसू मी विसरले होते, त्यात मधेच श्वास ओढल्यासारखा आवाज येतो. “नाय गो. शेती कवाच इकली. आनि त्या खोलीत दानाय नाय ठेवला कंदी. पडवी पाडली त्या वर्सालापन खल्यावरनंच इकला भात, घरी आनलाच नाय. ती माझे पोरीची खोली.”

मी विचारलं की मुलगी कुठे असते. पेन हातात होतं, पण मी लिहीत नव्हते.

“हाय तिकरं,” ती म्हणाली. “तिचे बालंतपनाला चुना काढून ठेवलेला मी. खाट आनली, गादी भरून आनली. मंग तिचा बाप नको बोलला. मीपन गप राह्यले.” आता कुणाच्या नावाने बोलायचं ते मला कळत नव्हतं. आईने खाकरून घसा साफ केला. “येशील तं सकालची ये,” ती म्हणाली. “पोरीला घेवन ये.” आणि फोन ठेवला.

पाच मिनिटं एकोणीस सेकंद. तिने ओळखलं का, याचा मी त्या दुपारी बराच विचार केला आणि आजही मला ते ठरवता येत नाही. भाडेकरू बाई खोली बघायला येते तेव्हा लहान पोर बरोबर येतंच, त्यात विशेष काही नाही. मी पत्रक पूर्ण केलं. ‘होकार. खोली रिकामी. भात नाही, कधीही नव्हता.’ ही ओळ लिहिताना मला पहिल्यांदा काही जाणवलं, ते दुःख नव्हतं. मनात मी एकेक करून गोण्या भरल्या होत्या, त्या कुणीतरी एका झटक्यात उचलल्या आणि खोली दिसली. चुना मारलेली, खाट घातलेली, तयार. नऊ वर्षं ती तशीच तयार होती आणि मला कुणी आत घेतलं नाही. जागा नव्हती म्हणून सोसलं होतं. जागा होती हे कसं सोसायचं ते मला माहीत नव्हतं. माझ्यासाठी तिने गादी भरून आणली होती, आणि माझ्यासाठी तिने तोंड उघडलं नव्हतं. दोन्ही एकाच बाईने केलं होतं. मी एकाला धरायला गेले की दुसरं हातात यायचं. मग कान पुन्हा बधिर झाला आणि मी पुढच्या रकान्याकडे वळले.

सहाव्या रकान्यात छापलेलं ‘नाही’ मी खोडलं आणि ‘मुलगी’ असं लिहिलं. याचा अर्थ दोन्ही फोन बाद. हे मला ठाऊक होतं, नियम मीच नव्या लोकांना शिकवते. पण नियमांच्या त्याच पुस्तकात आणखी एक कलम आहे, जे कुणी वापरत नाही. त्याच जागेसाठी, त्याच मालकाने, त्याच कारणाने आणखी कुणाला नकार दिलेला असेल, तर त्या व्यक्तीचा जबाब जोडता येतो आणि तक्रार बंद होत नाही. कितीही जुना नकार चालतो. वेगळी तक्रार म्हणून नाही, साक्ष म्हणून. मी उठून कपाटातून कोरा अर्ज काढला, तोच चार पानांचा, जो मी रोज लोकांसमोर सरकवते. मॅडमच्या केबिनमध्ये जाऊन सांगितलं की मॅडम, भोईर प्रकरणात मी फोन करायला नको होता, ती माझी आई आहे, आणि मी साक्षीदार आहे. मॅडमनी चष्मा काढला. त्या चांगल्या बाई आहेत. त्यांनी विचारलं की तुझ्या कराराचं नूतनीकरण पुढच्या महिन्यात आहे हे तुला माहीत आहे ना, मी म्हटलं माहीत आहे. मग त्यांनी विचारलं की त्यांना नोटीस जाईल, सोबत तुझ्या जबाबाची प्रत जाईल, चालेल का. मी म्हटलं की जाऊ दे. त्यांनी आवक क्रमांक टाकला आणि बसून भर असं सांगितलं.

मी लोकांना बसवते त्या खुर्चीवर मी पहिल्यांदाच बसले. ती खुर्ची जरा डुगडुगते, हे आजवर मला कुणी सांगितलं नव्हतं. नाकारलेली गोष्ट: राहण्याची जागा. कालावधी: दोन महिने. कारण आपल्या मते काय असावे: माझ्या पतीची जात. नकाराचे शब्द जसेच्या तसे: खोलीत भात भरलाय गो, तुना कंला निजवू. ‘तुना कंला’ लिहिताना पेन अडखळलं, तो माझ्या हातून कागदावर कधी उतरलेला शब्द नव्हता. कारण खरे होते का: नाही, खोलीत भात कधीच नव्हता, असे मालकीणबाईंनी स्वतः सांगितले. मालकाशी नाते. साक्षीदाराचे संपूर्ण नाव. मी लिहिलं, मनिषा काशिराम भोईर, आणि कंसात तांबे. चार वाजले होते. अस्माला फोन करून सांगितलं की तक्रार चालू राहील, खोली मिळेलच असं नाही, पण तिथे भात नव्हता असा एक जबाब नोंदवला गेलाय आणि त्याची प्रत तुम्हाला मिळेल. मग तिने विचारलं की हे कुणी सांगितलं. तिथे पूर्वी राहणाऱ्या एका बाईने, असं मी सांगितलं.

शेवटच्या पानावर पत्त्याचा रकाना असतो. तो दीड ओळीचा आहे, आणि त्याची प्रत नोटिशीबरोबर मालकाकडे जाते. साक्षीदार बहुतेक वेळा तिथे जेमतेम लिहितात, कुणी घरी येऊन ठेपू नये म्हणून, आणि मीच त्यांना सांगते की इमारत आणि गाव एवढं पुरे. मी इमारत लिहिली, रोडपाली लिहिलं, सेक्टर लिहिला. पेन उचललं आणि पुन्हा टेकवलं. नोटीस आईला वाचून दाखवणार परेश, आणि परेश अर्धंच वाचणार, पण कागद आईच्या नावाचा असेल, तो ती जपून ठेवील, गादीखाली ठेवते तसा. कधीतरी ती तो शेजारच्या कुणाकडून पुन्हा वाचून घेईल. ओळ संपली म्हणून मी समासात वळले. पिठाच्या गिरणीच्या वर. जिना गिरणीच्या मागून आहे. दुसरा मजला, डावीकडचं दार. मग, अर्जात त्यासाठी काही जागा नव्हती तरी, अगदी बारीक अक्षरात लिहिलं: बेल बंद आहे, दार वाजवावे.